'पहिला आला तोच जिंकणार, नाहीतर मॅच सेट': त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या फुटबॉलच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण खाली 'अभ्यासू चाहत्यांनी जरूर पुढे पाठवा' अशी तळटीप आहे. सार एवढंच: आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) लीगमध्ये पहिला येणारा संघ प्लेऑफही, म्हणजे लीगनंतरच्या कपसाठीच्या बाद फेऱ्याही, जवळजवळ दरवेळी जिंकतो, फायनल त्याच्या घरी असेल तर कप हातात आल्यासारखाच, मोठ्या सामन्यात कोसळणारे खेळाडू कायम कोसळतात, आणि याच्या उलट निकाल लागला तर खुशाल समजावं की मॅच सेट होती. शेवटी कुणा 'जाणकारा'चा दाखला, ज्याचे म्हणे एका स्पर्धेतले सगळे अंदाज बरोबर आले.

हा मेसेज एवढा का फिरतो ते कळतं. 'आम्ही हरलो' म्हणण्यापेक्षा 'आम्हाला हरवलं' म्हणणं सोपं जातं. पण मुद्दे एकेक करून बघू.

"लीगचा पहिला तोच प्लेऑफचा विजेता." हे तपासायला अभ्यास लागत नाही, यादी काढली की झालं. 2014 ते 2024-25 असे अकरा हंगाम. त्यात पहिल्या क्रमांकाच्या संघाने कपही उचलला तो फक्त तीनदा: 2018-19 मध्ये बेंगळुरू, 2020-21 मध्ये मुंबई सिटी आणि 2024-25 मध्ये मोहन बागान. चार वेळा दुसरा आलेला जिंकला, तीन वेळा तिसरा, आणि 2016 मध्ये तर चौथा आलेला कोलकात्याचा संघ. म्हणजे डोळे मिटून पहिल्यावर पैज लावणारा अकरापैकी आठदा हरला असता.

आपल्या घरचं उदाहरण हवं तर 2017-18 घ्या. एफसी पुणे सिटी त्या वर्षी पहिल्यांदा प्लेऑफला पोचली, आणि ते शेवटचंच ठरलं. बेंगळुरू 40 गुण मिळवून पहिली, आपण 30 गुणांवर चौथे. सेमीफायनल दोन सामन्यांची. 7 मार्चला घरच्या बालेवाडीत ऑरेंज आर्मीने, म्हणजे पुणे सिटीच्या चाहत्यांनी, ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, सामना 0-0. चार दिवसांनी बेंगळुरूच्या घरच्या कांतीरवावर त्यांच्या सुनील छेत्रीची हॅटट्रिक, 3-1, विषय संपला. इथवर मेसेजवाला खूश. पण आणखी सहा दिवसांनी त्याच कांतीरवावर फायनल झाली आणि लीगमध्ये आठ गुणांनी मागे राहिलेल्या चेन्नईयिनने बेंगळुरूला 3-2 ने हरवलं. नवव्या मिनिटाला छेत्रीने हेडर मारून आघाडी घेतली होती. मग चेन्नईयिनच्या ग्रेगरी नेल्सनचे दोन कॉर्नर आणि दोन्हींवर मेलसन आल्वेसचं डोकं. मेलसन म्हणजे सेंटर बॅक, बचावातला खेळाडू, गोल मारणं हे त्याचं रोजचं काम नव्हे. अठरा सामने खपून कमावलेला आठ गुणांचा फरक दोन कॉर्नरमध्ये पुसला गेला.

2024 याहून बोलकं आहे. 15 एप्रिलला कोलकात्यात, घरच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानने मुंबई सिटीला 2-1 हरवून लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळणारी शील्ड घेतली. 4 मेला तेच मैदान, तेच दोन संघ, फायनल; मुंबई 3-1. एकोणीस दिवसांत कुठला संघ चांगला झाला आणि कुठला बिघडला, हे मेसेजवाल्याने सांगावं. आणि मुळात मुंबई त्या फायनलला पोचली कशी? 24 एप्रिलला गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर सेमीफायनलचा पहिला सामना, नव्वदावं मिनिट सुरू होईपर्यंत गोवा 2-0 ने पुढे. लोक पार्किंगच्या वाटेला लागायची वेळ. तिथून मुंबईचे छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे: सहा-सात मिनिटांत तीन गोल, मुंबई 3-2. हे ज्याने आदल्या दिवशी लिहून ठेवलं होतं त्याला मी स्वतः डेक्कनवर मिसळ खिलवायला तयार आहे.

"फायनल घरी, म्हणजे कप घरी." घरच्या मैदानाचा फायदा असतो, हे खरंच आहे. लीगच्या लांबच्या प्रवासात तो दिसतोही. पण फायनलपुरतं बघा. अकरापैकी पाच फायनल कुणाच्या तरी घरी झाल्या. 2015 ला गोवा घरी हरलं, 2016 ला केरला ब्लास्टर्स कोचीत हरले, 2018 ला बेंगळुरू, 2024 ला बागान. एकटं 2025 चं बागान जिंकलं, तेही एक्स्ट्रा टाइममध्ये. पाचपैकी एक.

आता मेसेजचा खरा जीव: "उलटा निकाल म्हणजे सेटिंग." फुटबॉलमध्ये फिक्सिंग होतं, ते कुणी नाकारत नाही. 2006 चं इटलीतलं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल, युव्हेंटससारख्या क्लबला खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं होतं. पण ते उघडकीला आलं टेप केलेल्या फोन संभाषणांतून. 'हा निकाल मला पटला नाही' एवढ्यावर तिथे कुणाला शिक्षा झाली नाही.

आणि निकाल पटत नाही तो बहुतेकदा आपलं गणित कच्चं असल्यामुळे. समजा एखादा संघ इतका सरस आहे की कुणाशीही लढत झाली तरी त्याची जिंकण्याची शक्यता 70 टक्के. फुटबॉलमध्ये हा आकडा दणदणीत म्हणायचा. त्याला सेमीफायनल आणि फायनल दोन्ही जिंकायच्यात: 70 टक्क्यांचे 70 टक्के, म्हणजे 49. निम्म्याहून कमी! वर्ल्ड कपमध्ये शेवटच्या सोळांपासून चार लढती लागतात, तिथे हाच संघ 24 टक्क्यांवर येतो. स्पर्धेतला सगळ्यात तगडा संघ चारपैकी तीन वेळा कप न घेता घरी जाणार, आणि त्यासाठी कुणाला पैसे चारावे लागत नाहीत. पुणेकर शिवाजीनगरच्या वेधशाळेवर पिढ्यान्‌पिढ्या विनोद करत आलेत, पण '70 टक्के पाऊस' म्हटल्यावर कोरडा दिवस गेला तर वेधशाळा विकली गेली असं कुणी म्हणत नाही.

त्यात हा खेळ कमी गोलांचा. 2022 च्या वर्ल्ड कपला 64 सामन्यांत 172 गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनसुद्धा नाहीत. बास्केटबॉलमध्ये एक चूक शंभर गुणांत विरघळते. इथे तीच चूक म्हणजे निकाल. सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं ती मॅच आठवा. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमध्ये गेले, कारण सौदीची बचावफळी जिवावर उदार होऊन वर उभी होती. हाफटाइमनंतर पाच मिनिटांच्या अंतराने सौदीचे दोन गोल. 36 सामने न हरलेला संघ हरला, आणि महिनाभराने तोच वर्ल्ड कप घेऊन गेला. स्क्रिप्ट असेल तर लेखक फारच गोंधळलेला होता.

'रेफ्री विकला गेला' याच्या पुराव्यादाखल मेसेजमध्ये 3 मार्च 2023 ची बेंगळुरू-केरला ब्लास्टर्स प्लेऑफ मॅच आहे. एक्स्ट्रा टाइममध्ये ब्लास्टर्स अजून भिंत लावत असताना छेत्रीने पटकन फ्री किक मारली, गोल दिला गेला, ब्लास्टर्स मैदान सोडून गेले आणि पुढे त्यांना 4 कोटींचा दंड झाला. निर्णयावर वाद घाला, हवा तेवढा घाला. मलाही त्या वेळी तो घाईचा वाटला होता. पण पुढचं बघा. बेंगळुरूने सेमीफायनलला लीगमध्ये पहिल्या आलेल्या मुंबईला पेनल्टी शूटआउटमध्ये 9-8 ने हरवलं आणि फायनल शूटआउटमध्येच हरली. बेंगळुरूसाठी सगळं सेट केलं होतं, तर शेवटची पेनल्टी सेट करायची राहून गेली का?

"कोसळणारे कायम कोसळतात." यावर एकच नाव पुरे: गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी. 2015 च्या फायनलला तो गोव्याच्या गोलमध्ये होता. गोवा 2-1 ने पुढे, नव्वदाव्या मिनिटाला त्याच्याच नावावर स्वयंगोल लागला, दोन मिनिटांनी चेन्नईयिनच्या मेंडोझाने मारला आणि कप चेन्नईयिनकडे. 2022 च्या फायनलला तोच कट्टीमनी, त्याच फातोर्ड्यावर, हैदराबादकडून उभा. शूटआउटमध्ये त्याने तीन पेनल्टी अडवल्या आणि हैदराबाद चॅम्पियन. पुणे सिटी बंद पडल्यावर तिची लीगमधली जागा मिळालेलं, पहिल्याच हंगामात तळाला गेलेलं हे हैदराबाद. पुण्यात त्या रात्री कपाळावर हात मारणारे बरेच असतील, पण तो वेगळा विषय.

राहता राहिला तो जाणकार. 2010 च्या वर्ल्ड कपला ओबरहाउझनच्या मत्स्यालयातल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ अंदाज बरोबर दिले होते. नाणं उडवून असं जमण्याची शक्यता 256 मध्ये एक. हजार जणांनी नाणी उडवली तर तिघा-चौघांचे आठही बरोबर येणार, मग त्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर येणार, आणि बाकीचे नऊशे शहाण्णव गप्प बसणार. आपल्यापर्यंत पोचतो तो स्क्रीनशॉटवाला.

जाणकार खरा का ते बघायचंच असेल तर त्याने 'अमुक जिंकणार' न म्हणता टक्के सांगावेत, आणि पाच-पन्नास लढतींचे सांगावेत. ज्यांना तो 70 टक्के देईल त्यातले दहापैकी साधारण सात जिंकले पाहिजेत. दहाच्या दहा जिंकले तरी त्याचं चुकलंच, कारण मग त्याने 70 म्हणायलाच नको होतं. पुढच्या प्लेऑफआधी हे आकडे लिहून ग्रुपवर पिन करा. पहिल्या शिट्टीच्या आधी, आणि एडिट केलेला मेसेज धरला जाणार नाही.