मनोऱ्याखालच्या जमिनीबाबत खुलासा

साक्री आणि शिरपूर तालुक्यांत सध्या एक संदेश फिरत आहे: वीजवाहिनीच्या मनोऱ्याला जागा दिली की सातबारा कंपनीच्या नावे होतो, आणि मोबदल्यावर शेवटचा शब्द कंपनीच्या कायदा विभागाचा असतो. असाच एक विभाग सांभाळणारा म्हणून स्पष्ट करतो की हे दोन्ही चुकीचे आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ खाली सरकारने अधिकार दिलेल्या कंपनीला १८८५ च्या तार कायद्यातील कलम १० प्रमाणे फक्त वापराचा हक्क मिळतो; मालकी शेतकऱ्याचीच राहते. (२०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी पारेषण वाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा हा भाग कायम ठेवला आहे.) त्याच कलमानुसार पिकाच्या व इतर नुकसानाची भरपाई द्यावीच लागते, आणि ती अपुरी वाटल्यास कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे, म्हणजे या तालुक्यांपुरते धुळ्याला, अर्ज करता येतो. आमचा विभाग कंपनीला सल्ला देतो, निवाडा करत नाही; म्हणूनच आमचा मसुदा आपल्या वकिलाला दाखवूनच सही करावी. आमच्या पहिल्या नोटिशीत ‘संपादन’ हा शब्द मी सैलपणे वापरला होता, आणि गैरसमज वाढण्यात त्याचाही वाटा आहे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.