जुन्या पेठेतले नवे ग्रंथालय : दर्शनी भागाआधी छेद दाखवा

आमच्या जिल्ह्यातल्या एका जुन्या पेठेत शंभरी ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीचे संकल्पचित्र सध्या मोबाइलवरून सगळीकडे फिरते आहे. चित्रात दर्शनी बाजूला महिरपी आहेत, झरोके आहेत, सागवानी रंग दिलेल्या फायबरच्या तुळया आणि त्यांना टेकू देणारे घोडे आहेत; या पडद्यामागे मात्र कोणत्याही उपनगरातल्या कार्यालयासारखी चार मजली, बंद काचांची आणि वातानुकूलित इमारत आहे. ‘वारसा जपला’ म्हणून या चित्राचे कौतुक चालले आहे. हे कौतुक मला पटत नाही, आणि ज्यांना ते पटते त्यांच्याशी मोकळेपणाने वाद घालावा म्हणून हे जरा लांबलचक लिहितो आहे.

माझे म्हणणे असे आहे की जुन्या परिसराचा मान नव्या इमारतीने मापांतून राखायचा असतो. शेजारच्या छपरांची उंची, रस्त्याची रेषा, जोत्याची पातळी, कोणाचे ऊन अडते आणि कोणाचे देऊळ झाकले जाते, या गोष्टी सांभाळल्या तर इमारत काचेची असली तरी ती पेठेत शोभते. या गोष्टी मोडल्या तर शंभर महिरपी चिकटवूनही ती परकीच राहते.

या संदर्भात मला नेहमी दक्षिण फ्रान्समधले नीम शहर आठवते, कारण तिथला प्रश्न आपल्या कोणत्याही पेठेतल्या प्रश्नाहून अवघड होता. शहराच्या मध्यभागी ‘मेझों कारे’ नावाचे रोमन मंदिर आहे. इसवी सनाच्या अगदी आरंभीच्या काळात ते सम्राट ऑगस्टसचे नातू आणि दत्तक पुत्र असलेल्या गायस आणि लुसियस यांना अर्पण केले गेले. माणसाहून उंच जोते, समोर सहा कॉरिंथियन खांब आणि दोन हजार वर्षांनंतरही जवळपास अभंग राहिलेला देह, असे ते मंदिर आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतले. त्याच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, १९५२ च्या आगीत जळालेल्या नाट्यगृहाची जागा होती आणि तिच्यावर त्या नाट्यगृहाची स्तंभपंक्ती तेवढी शिल्लक होती. तत्कालीन महापौर जाँ बूस्के (हे गृहस्थ मुळात तयार कपड्यांच्या व्यवसायातले, ‘काशारेल’ या नाममुद्रेचे संस्थापक) यांनी तिथे सार्वजनिक ग्रंथालय आणि समकालीन कलेचे संग्रहालय एकाच छताखाली आणायचे ठरवले. १९८४ च्या स्पर्धेतून ब्रिटिश वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांची निवड झाली आणि १९९३ मध्ये ‘कारे दार’ ही इमारत खुली झाली.

तिच्यात रोमन म्हणावे असे काहीच नाही. काच, काँक्रीट आणि पोलाद, इतकाच तिचा संसार. मंदिराच्या खांबओळीला उत्तर म्हणून समोर एक उंच छत्री, म्हणजे खांबांवर पुढे आलेले छप्पर, काढली आहे, तिचे खांब मात्र इतके सडपातळ आहेत की नक्कल केल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही. खरी करामत छेदात आहे. छेद म्हणजे इमारत सुरीने उभी कापली तर आतले मजले जसे दिसतील तसा नकाशा. कारे दारचे मजले नऊ आहेत, पण त्यांपैकी जवळजवळ निम्मे जमिनीखाली आहेत, त्यामुळे एवढा मोठा पसारा असूनही तिचे छप्पर आजूबाजूच्या घरांच्या वर डोके काढत नाही. मधोमध एक झाकलेला चौक आहे आणि त्यातून काचेच्या पायऱ्यांचा जिना उतरतो. आकाशातला उजेड त्या पायऱ्यांमधून झिरपत खालच्या मजल्यांपर्यंत जातो. आपल्या वाड्यांतल्या चौकाचे काम याहून वेगळे काय होते? इमारतीच्या जोडीने मंदिराभोवतालचा परिसरही हाताळला गेला. लोखंडी कुंपण आणि उभ्या मोटारी हटवून तिथे फरसबंदी केलेला, पायी फिरण्याचा चौक झाला, आणि माझ्या मते त्या प्रकल्पाचा अर्धा मोठेपणा या चौकातच आहे.

या यशाला एक किंमत होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जळालेल्या नाट्यगृहाची ती स्तंभपंक्ती काढली गेली आणि आज ती नीमजवळ केसार्ग इथल्या महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी उभी आहे. रोमन मंदिरापुढे अलीकडच्या शतकांतल्या खांबांना कोण विचारतो, असा हिशेब त्यामागे असावा. मला तो मान्य नाही. जुन्यातले जुने तेवढे जपायचे आणि मधल्या काळातले ओझे म्हणून हलवायचे, ही वृत्ती आपल्याकडेही आहे. कौलारू वाचनालय पाडून त्यावर पेशवाई थाटाची महिरप लावणे हा तिचाच अवतार आहे.

जमिनीखाली जाण्याची सोय ग्रंथालयाला मिळते ती त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे. पुस्तकाला ऊन नको असते आणि वाचकाला उजेड हवा असतो. ग्रंथभांडाराच्या जमिनीवर वाचनकक्षाच्या तुलनेत साधारण दुप्पट भार धरावा लागतो, म्हणून ते खाली असणे रचनेच्या दृष्टीनेही फायद्याचे ठरते. पुस्तके खाली आणि माणसे वर, अशी विभागणी केली की रस्त्यावरून दिसणारी इमारत आपोआप लहान होते. शाळा, रुग्णालय किंवा सरकारी कचेरी यांना ही सवलत इतक्या सहजपणे मिळत नाही.

मात्र हा उपाय जसाच्या तसा उचलून महाराष्ट्रात आणणे धोक्याचे आहे, आणि इथे पावसाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरले. सांगलीच्या नगर वाचनालयाची दुर्मीळ ग्रंथसंपदा २०१९ च्या महापुरात भिजली. नीमलाही पूर नवा नाही, ३ ऑक्टोबर १९८८ च्या पावसाने त्या शहराची दैना केली होती. प्रागमध्ये वास्तुरचनाकार यान काप्लिकी यांनी राष्ट्रीय ग्रंथालयासाठी २००७ ची स्पर्धा जिंकली, तेव्हा ‘ऑक्टोपस’ म्हणून हिणवल्या गेलेल्या त्यांच्या इमारतीच्या आकाराइतकाच एक आक्षेप असाही होता की मौल्यवान संग्रह त्यांनी जमिनीखाली ठेवला आहे. त्या ग्रंथालयाची वीटही रचली गेली नाही आणि २००९ च्या जानेवारीत काप्लिकी वारले. नदीकाठच्या आपल्या गावांत तळघर बाद ठरते. तिथे मुक्तद्वार वाचनकक्ष, वर्तमानपत्रांची बाके आणि फार तर सभागृह तळमजल्यावर ठेवावे, ग्रंथभांडार मधल्या मजल्यावर न्यावे, आणि एवढ्याने उंची आटोक्यात राहत नसेल तर क्वचित लागणारा संग्रह गावाबाहेरच्या उंचवट्यावरच्या दुसऱ्या इमारतीत ठेवावा. सगळे एकाच जागी कोंबण्याचा हट्ट सोडला की पेठेवरचा निम्मा भार उतरतो.

जर्मनीतल्या म्युन्स्टरचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावेसे वाटते. बोल्स आणि विल्सन या वास्तुरचनाकार जोडीचे तिथले नगर ग्रंथालयही १९९३ मध्येच पूर्ण झाले. त्यांनी इमारत सरळ दोन तुकड्यांत चिरली आणि मधून एक गल्ली काढली. ती गल्ली सेंट लँबर्टी चर्चच्या मनोऱ्याकडे रोखलेली आहे (याच मनोऱ्यावर सोळाव्या शतकात मारलेल्या बंडखोरांचे पिंजरे अजून टांगलेले आहेत). दोन्ही भाग वरून पुलाने जोडले आहेत. चटईक्षेत्राचा प्रत्येक चौरस फूट वसूल करण्याची सवय लागलेल्या आपल्या मंडळींना हा उधळेपणा वाटेल. त्या मोकळ्या पट्टीमुळे शहराला मात्र एक नवा रस्ता आणि जुन्या मनोऱ्याचे नवे दर्शन मिळाले.

आता कोणी विचारेल की मग जुन्यासारखे दिसणे हा दोषच आहे का? केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयाचे नवे ग्रंथालय पाहिले की याचे उत्तर मिळते. नील मॅकलॉक्लिन यांनी रचलेली ही इमारत २०२१ मध्ये पूर्ण झाली आणि वास्तुकलेचे २०२२ चे स्टर्लिंग पारितोषिक तिला मिळाले. ती शेजाऱ्यांसारखीच विटांची आहे, तिला त्रिकोणी माथे आहेत आणि उंच धुराडीही आहेत, पण त्या विटा खरोखर भार वाहतात आणि धुराड्यांतून तापलेली हवा वर निघून जाते, म्हणून खोल्या यंत्रांवर फारसे न विसंबता खेळत्या राहतात. इमारत ४०० वर्षे टिकावी अशी महाविद्यालयाची अपेक्षा होती. जुने रूप इथे कामाला लावले आहे. आमच्या पेठेतल्या चित्रात उतरते कौलारू छप्पर आणि खरीखुरी, पावसाची झड अडवणारी सहा-सात फुटी पडवी असती, तर मी पहिला टाळ्या वाजवणारा ठरलो असतो; ती पारंपरिक दिसली असती आणि आषाढात उपयोगीही पडली असती. फायबरच्या घोड्यावर कसलाच भार नाही.

मापांनी परिसर राखण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. मुंबईत फोर्टमधल्या हॉर्नबी रोडसाठी, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गासाठी, १८९६ मध्ये असा नियम झाला की प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींखालचा सलग मार्ग सोडावा. वरच्या बाजूला ज्याने त्याने आपल्या आवडीप्रमाणे गॉथिक, निओक्लासिकल किंवा आणखी कोणत्या शैलीत बांधले. शैलींची इतकी सरमिसळ असूनही तो रस्ता एकसंध वाटतो, आणि आजही ऐन पावसाळ्यात त्याखालून कोरडे जाता येते. पुढे १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली आणि परवानगीची यंत्रणा उभी राहिली. अशा यंत्रणांपुढे अर्ज नेणारे पुष्कळदा ‘जुन्यासारखे दिसते का’ एवढ्याच प्रश्नाची तयारी करून जातात, आणि मग फायबरचे कारखाने चालतात.

पेठेतल्या त्या वाचनालयाचा आराखडा लवकरच सभासदांच्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. सभासदांनी रंगीत चित्र बाजूला ठेवून आधी छेद मागवावा, आणि त्यावर शेजारच्या वाड्यांचे आढे, समोरच्या देवळाचा कळस आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची रेषा एकाच प्रमाणात काढून घ्यावी. ग्रंथपालांना आणि देवघेव विभागातल्या कर्मचाऱ्यांना आराखड्याच्या बैठकीत बसवावे, कारण बारा महिने त्या इमारतीत वावरणारे तेच आहेत. वीज गेली असता दुपारी दोन वाजता बालविभागात दिव्याशिवाय वाचता येईल का, हेही विचारावे. चौथा मजला कशासाठी हवा आहे, याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत जुन्या इमारतीच्या कौलाला हात लावू देऊ नये.