पहिला रिलोडिंग प्रेस: ‘नवा आणि प्रोग्रेसिव्हच घ्या’ या सल्ल्याला उत्तर

अमेरिकेत नेमबाजी करणाऱ्या नवख्या माणसाने रिलोडिंगचं, म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (बार पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवून पुन्हा काडतूस बनवण्याचं, नाव काढलं की एक ठरलेला सल्ला त्याच्या कानावर पडतो. सिंगल स्टेज (एका ओढीत एकच काम करणारा) प्रेस म्हणजे पैसे पाण्यात, वर्षभरात तो विकावाच लागतो. त्यापेक्षा सरळ नवा प्रोग्रेसिव्ह (दर ओढीला एक तयार काडतूस देणारा) घ्या, तासाला पाचशे काडतुसं निघतील, दोन-तीन महिन्यांत पैसे वसूल. आणि वापरलेला प्रेस घेणं म्हणजे जिवाशी खेळ. हे चारही दावे इतके ठासून सांगितले जातात की ते तपासायचं कुणाला सुचतच नाही.

आधी कायद्याचं. अमेरिकेच्या संघीय कायद्यात स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची तर लागतो. राज्याचे आणि शहराचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्यावेत. भारतात मात्र शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो. त्यामुळे पुण्या-नागपुरात बसून हे वाचणाऱ्यांनी याला खरेदीचा सल्ला समजू नये.

‘सिंगल स्टेज वर्षभरात विकावा लागतो.’ हे ज्यांनी पुढे प्रोग्रेसिव्ह घेतला त्यांच्या टेबलाकडे पाहिलं तरी खोटं ठरतं. सिंगल स्टेज तिथेच बोल्ट केलेला असतो आणि रोज कामाला येतो. मळक्या पुंगळ्यांमधले जळके प्रायमर त्याच्यावर काढतात, कारण प्रायमरची राख कुरुंदासारखी खरखरीत असते आणि ती प्रोग्रेसिव्हच्या फिरत्या भागांत गेलेली कुणालाच नको असते. चुकीची बसलेली गोळी कोलेट पुलरने ओढून काढणं, ओतलेल्या शिशाच्या गोळ्या मापाच्या करणं, शिकारी रायफलची वीसच काडतुसं भरणं, ही सगळी कामं त्याचीच.

शिवाय विकायला लागलं तरी वाया काय जातं? डाय म्हणजे पुंगळीला माप देणारा, प्रेसमध्ये आट्यांनी बसणारा साचा. त्याचे आटे ७/८ इंच व्यासाचे, इंचाला १४, हे माप आरसीबीएस, ली, हॉर्नडी, रेडिंग, लायमन या सगळ्या कंपन्यांनी धरलेलं आहे. आज सिंगल स्टेजसाठी घेतलेले डाय उद्या डिलन ५५० या प्रोग्रेसिव्हवर चढतात. गंमत अशी की या मापाबाहेरचा, स्वतःचेच वेगळे डाय मागणारा डिलनचा स्क्वेअर डील बी हा प्रोग्रेसिव्हच आहे, आणि त्यावर फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची काडतुसं होतात.

याच आट्यांमुळे नवख्याला सिंगल स्टेजवर एक गोष्ट नीट कळते, ती म्हणजे डाय किती फिरवला की काय होतं. इंचाला १४ आटे, म्हणजे पूर्ण एक फेरा ०.०७१ इंच, एक अष्टमांश फेरा जवळजवळ ०.००९ इंच. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलच्या पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) ०.००२ इंच मागे सारायचा असेल तर डाय जेमतेम १० अंश फिरवावा लागतो. ‘शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकल्यावर अजून पाव फेरा द्या’ हा सरधोपट नियम पाळला तर खांदा गरजेपेक्षा कितीतरी मागे जातो, पुंगळी दर वेळी ताणली जाते, आणि काही वेळा वापरल्यावर तळाच्या जरा वर चकाकती रेघ दिसू लागते. ती पुंगळी तिथूनच फाटते. एका वेळी एकच डाय समोर असेल तर हे मोजून समजून घेता येतं. चार-पाच डाय एकाच दांड्यावर चालत असताना कुठल्या डायने काय केलं ते नवख्याला शोधूनही सापडत नाही.

‘तासाला पाचशे.’ आकडा खोटा नाही. डिलन ५५० वर सराव झालेला माणूस पिस्तुलाची चारशे-पाचशे काडतुसं तासात काढतो. सिंगल स्टेजवर सगळ्या पायऱ्या धरून पन्नास ते शंभर. पण पाचशेच्या आकड्यात प्रायमरच्या नळ्या भरणं, पुंगळ्या साफ करणं, कॅलिबर बदलणं हे धरलेलं नसतं. कॅलिबर बदलायचं तर सिंगल स्टेजवर डाय आणि शेल होल्डर बदलला की झालं. प्रोग्रेसिव्हवर शेल प्लेट (पुंगळ्या धरून फिरणारी तबकडी), पुंगळी जागेवर धरणाऱ्या खुंट्या, पावडरचं फनेल, आणि प्रायमर लहानाचा मोठा होत असेल तर प्रायमरची सगळी यंत्रणा बदलावी लागते. प्रत्येक कॅलिबरचा हा संच वेगळा विकत घ्यायचा असतो.

रायफलला तर ‘एका ओढीत काडतूस’ हे गणित लागूच होत नाही. .२२३ ची पुंगळी आधी वंगण लावून साइझ, म्हणजे दाबून मूळ मापाची, करायची, वंगण पुसायचं, लांबी १.७६० इंचापेक्षा जास्त भरली तर कापून १.७५० वर आणायची, तोंडाची कड आतून-बाहेरून मारायची. लष्करी पुंगळी असेल तर प्रायमर पक्का धरण्यासाठी खळग्याच्या कडेला दाबलेला धातूही काढायचा. तो तसाच राहिला की नवा प्रायमर अडकतो, चेमटतो, आणि प्रोग्रेसिव्ह मधेच थांबतो.

खरा धोका तिथेच आहे, अडखळण्यात. यंत्र सुरळीत चाललं की प्रोग्रेसिव्ह सुरक्षितच असतो. प्रायमर आला नाही, पुंगळी तिरकी बसली, की माणूस दांडा अर्ध्यावर सोडतो, एखादी पुंगळी काढून परत घालतो, पुन्हा दांडा ओढतो, आणि एका पुंगळीत पावडर दोनदा पडते. ५५० मध्ये शेल प्लेट हाताने फिरवायची असते. ती फिरवायला विसरलं तरी हेच होतं. ९ मिमीच्या बऱ्याच भारांत दुप्पट पावडरही पुंगळीत मावून जाते. .३८ स्पेशल तर काळ्या दारूच्या काळातली पुंगळी, पोट मोठं आणि आजच्या पावडरचा भार चिमूटभर. दुप्पट भार वरून सहज लक्षात येत नाही. उलट पावडर पडलीच नाही तर नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो आणि ती तिथेच अडकते. बार फुसका वाटला तरी न थांबता पुढचा झाडला, तर नळी फुगते किंवा फाटते.

सिंगल स्टेजवर पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून पावडर भरायची आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन ओळीने आत पाहायचं. एखादीची पातळी वर किंवा खाली असेल तर शेजारणीमुळे ती लगेच डोळ्यात भरते. प्रोग्रेसिव्हवर हीच तपासणी करायला पावडर चेक डाय मिळतो, पण त्याला डायची एक जागा लागते. डिलनच्याच पाच जागांच्या एक्सएल ७५० वर ती सापडते. चार जागांच्या ५५० वर गोळी बसवणं आणि क्रिंप (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळणं) एकाच डायमध्ये केलं तरच.

महिन्याला दोन-तीनशे पिस्तुलाची काडतुसं लागत असतील तर मधला मार्ग टरेटचा, म्हणजे फिरत्या डोक्यात डाय असलेल्या प्रेसचा. ली क्लासिक टरेटमध्ये डाय चार आणि पुंगळी एका वेळी एक. पावडर पडल्यावर तिच्यात डोकावूनच गोळी ठेवायची. डोकं आपोआप फिरवणारी सळई काढली की तोच सिंगल स्टेज होतो. मुख्यतः रायफलची काडतुसं भरणाऱ्याने मात्र बिडाचा ओ-फ्रेम, म्हणजे सगळीकडून बंद सांगाड्याचा, सिंगल स्टेजच घ्यावा, आणि वापरलेला मिळाला तर आधी तो.

‘दोन-तीन महिन्यांत पैसे वसूल.’ गणित एका ओळीचं आहे: सगळ्या सामानाचा खर्च भागिले एका काडतुसामागची बचत. समजा प्रेस, डाय, काटा, कॅलिपर, पुंगळ्या साफ करायचं यंत्र मिळून ६०० डॉलर झाले. ९ मिमीवर एका काडतुसामागे ५ सेंट वाचले तर १२,००० काडतुसांनंतर पैसे वसूल. महागड्या शिकारी काडतुसावर ८० सेंट वाचले तर ७५० नंतर. आपले भाव घालून पाहावं. नव्या प्रोग्रेसिव्हने वरचा आकडा फुगतो, खालचा तेवढाच राहतो.

आता ‘वापरलेला म्हणजे धोका’. काडतुसाचा दाब प्रेसवर येतच नाही, तो बंदुकीच्या चेंबरमध्ये येतो. प्रेस हा एक तरफ आणि एक सरळ वर-खाली चालणारा, पुंगळी डायमध्ये नेणारा रॅम, बस्स. आरसीबीएसचा रॉक चकर, लीचा क्लासिक कास्ट यांसारखे बिडाचे प्रेस नीट वापरले तर मालकापेक्षा जास्त टिकतात. मात्र पाहून घ्यायचे.

पाहायला जाताना एक डाय, एक शेल होल्डर, वंगण लावलेल्या दोन-चार पुंगळ्या, टॉर्च आणि चुंबक न्यायचं. चुंबक चिकटला तर बीड किंवा पोलाद, नाही तर अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम वाईट नाही, ली चॅलेंजर त्याचाच आहे. पण अ‍ॅल्युमिनियमचा सी-फ्रेम, म्हणजे एका बाजूने उघडा, मोठ्या रायफलच्या पुंगळ्या साइझ करताना लवतो. फ्रेमवर वरवरचा गंज असेल तर हरकत नाही. रॅमच्या घासत्या भागावर गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्यावं. डायच्या भोकाखाली आणि सांध्यांच्या कानांवर तडे शोधावेत. बिडावर वेल्डिंग दिसलं तर किंमत विचारायचीही गरज नाही. सांध्याच्या पिनांची भोकं लांबट झाली असतील तर दांडा सुरुवातीलाच रिकामा हलतो. रॅम बोटाने किंचित हलला तर घाबरू नये, पुंगळी डायमध्ये शिरताना स्वतःच मध्यावर येते.

मग खरी परीक्षा. रॅम वर नेऊन डाय शेल होल्डरला घट्ट टेकवायचा, आणि लॉक रिंग आवळायची. रॅम खाली आणून पुंगळी घालायची, पुन्हा पूर्ण वर न्यायची, आणि डाय व शेल होल्डर यांच्यामध्ये मागून टॉर्च मारायचा. केसभर फट दिसली तर डाय थोडा आणखी खाली घेऊन पाहायचं. तरीही फट राहिली तर फ्रेम किंवा सांधे लवताहेत.

जुन्यात एक फसगत ठरलेली. लायमनच्या ट्रू-लाइन ज्युनियरचे आटे ५/८ इंच, ३० चे. आजचे डाय त्यात बसत नाहीत. हर्टर्सच्या काही प्रेसना त्यांचेच शेल होल्डर लागतात. मेकचा प्रेस स्वस्तात दिसला तर तो बहुतेक शॉटगनच्या काडतुसांचा असतो, पितळी पुंगळीला निरुपयोगी. तुटका दांडा, हरवलेली प्रायमरची आर्म, शेल होल्डरची स्प्रिंग यांची भरपाई होते, किंमत तेवढी पाडून घ्यावी. वापरलेल्या प्रोग्रेसिव्हबद्दल मात्र हा उदारपणा दाखवू नये. त्यात बारीक भाग इतके असतात की काय हरवलंय हे ओळखायलाच तो आधी चालवता यायला लागतो.

सेकंडहँडची भीती बाळगायचीच तर ती प्रेससोबत येणाऱ्या खोक्याची बाळगावी. जुना मालक उघडलेले पावडरचे डबे, सुटे प्रायमर आणि स्वतः भरलेली काडतुसं ‘घेऊन जा’ म्हणतो. यातलं काहीही घेऊ नये. डब्यावरचं लेबल आणि आतली पावडर एकच आहे याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही, आणि पावडर रंगरूपावरून ओळखता येत नाही. डाय घ्यायला हरकत नाही. आत टॉर्च मारून ओरखडे आणि गंज पाहावा, कार्बाइडची कडी तडकलेली नाही ना ते पाहावं, आणि डायमध्ये आधीच्या मालकाची पुंगळी अडकलेली असेल तर ती काढायचा खर्च धरून भाव करावा.