सॉलिसिटरांवरचा तो फॉरवर्ड: एकेक मुद्दा

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: आपण हजारो पाउंड भरून, नियम पाळून आलो. हे लोक बोटीतून घुसतात. मग ‘डावे’ सॉलिसिटर त्यांना मानवी तस्करीचे बळी ठरवतात, उगाच केसेस टाकून त्यांना बाहेर पाठवणारी विमानं रोखतात आणि सरकारी पैशावर गब्बर होतात. शेवटी काही फर्मची नावं-पत्ते आणि ‘यांना जाब विचारा’ अशी सूचना.

फीबद्दलचा राग मला समजतो. व्हिसासोबत भरावा लागणारा नुसता हेल्थ सरचार्जच प्रौढ माणसाला वर्षाला 1,035 पाउंड पडतो. पण तो आकडा होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, ठरवलाय, बोटीतल्या माणसाच्या वकिलाने नाही.

आधी ‘गब्बर’ हा शब्द घेऊ. आश्रयाच्या प्रकरणात होम ऑफिसच्या निर्णयापर्यंतच्या कामासाठी लीगल एडची, म्हणजे गरजूंच्या वकिलाला सरकार देतं ती, ठरीव फी कित्येक वर्षं 413 पाउंड होती. अशिलाची सगळी हकीकत दुभाष्याला बसवून ऐकायची, त्याचं सविस्तर निवेदन तयार करायचं, पुरावे जमवायचे, हे सगळं तेवढ्यात. तासावर हिशेब केला तरी दर साधारण 50 पाउंडच्या आसपासच होता, आणि त्यातूनच ऑफिसचं भाडं आणि कारकुनाचा पगार. लंडनमध्ये नळ दुरुस्त करायला येणारा माणूस याहून जास्त घेतो. सिव्हिल लीगल एडचे दर 1996 पासून वाढले नव्हते, उलट 2011 मध्ये 10 टक्के कापले गेले. 2025 मध्ये इमिग्रेशन आणि घरांच्या प्रकरणांपुरती वाढ पक्की झाली, पण तोवर अनेक फर्मनी हे काम सोडून दिलं होतं. आज इंग्लंडच्या कित्येक भागांत आश्रय मागणाऱ्याला लीगल एडवर काम करणारा सॉलिसिटर मिळतच नाही.

‘उगाच केसेस टाकतात’ हेही त्याच हिशेबात बसत नाही. ज्युडिशियल रिव्ह्यू (सरकारी निर्णय कायदेशीर होता का, हे कोर्टाने तपासावं असा अर्ज) दाखल केला आणि न्यायाधीशांनी पुढे जायला परवानगीच नाकारली, तर दाखल केल्यानंतरच्या कामाचे पैसे साधारणपणे मिळत नाहीत. हा नियम 2014 पासूनचा. फुसकी केस टाकणाऱ्याच्या पदरचे पैसे जातात.

खोट्या कहाण्या रचून देणारे सॉलिसिटर नाहीतच, असं मी म्हणणार नाही. 2023 मध्ये एका वृत्तपत्राने छुप्या कॅमेऱ्याने असे प्रकार उघड केले आणि सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेने तीन फर्मवर कारवाई केली. पण तिथे बोलणी चालली होती ती अशिलाकडून हजारो पाउंडांची खासगी फी घेण्याची. लीगल एडची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: ‘वकील तस्करीचे बळी ठरवतात.’ हे त्यांच्या हातातच नाही. तस्करीचा संशय असेल तर प्रकरण नॅशनल रेफरल मेकॅनिझम नावाच्या व्यवस्थेत जातं. तिथे नाव पाठवण्याचा अधिकार पोलिसांना, होम ऑफिसला, स्थानिक कौन्सिलला आणि सरकारने नेमलेल्या मोजक्या संस्थांना आहे. सॉलिसिटर त्या यादीत नाही. निर्णयही सहसा होम ऑफिसचेच अधिकारी घेतात, तोही दोन टप्प्यांत. 2024 मध्ये 19,125 नावं पाठवली गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा गट कुठल्या देशाचा? ब्रिटनचाच, 23 टक्के. अमली पदार्थ पोचवायला जुंपलेली इथलीच पोरं त्यात बरीच. त्यांना कुठल्या विमानातून उतरवायचं होतं?

शिवाय ‘तस्करीचा बळी’ असा अंतिम निर्णय मिळाला म्हणून इथे राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते, निकष कडक आहेत, आणि मिळाली तरी ती तात्पुरती असते.

मग सॉलिसिटर करतो काय? ‘तस्करीचा बळी नाही’ असा नकार आला तर त्यावर अपील नाही. फेरविचाराची विनंती करायची, नाहीतर ज्युडिशियल रिव्ह्यू. कित्येक नकारांत कारण असतं: ‘सांगण्यात विसंगती आहे’ किंवा ‘हे आधी का नाही सांगितलं’. ज्या बाईचा पासपोर्ट मालकाने काढून घेतला, जिच्या गावाकडच्या घरी कर्जवसुलीची माणसं जाऊन बसतात, ती पहिल्याच मुलाखतीत गणवेशातल्या अधिकाऱ्याला सगळं क्रमवार सांगेल ही अपेक्षाच चूक आहे. तारखा लावून घेणं, डॉक्टरांचा अहवाल मिळवणं आणि तो अधिकाऱ्याने वाचला नसेल तर न्यायाधीशांपुढे ठेवणं, हे ते काम. न्यायाधीशही ‘हिला राहू द्या’ असं सहसा म्हणत नाहीत. निर्णय बेकायदा होता, कायद्याप्रमाणे पुन्हा घ्या, एवढंच.

विमानाचंही तेच. आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडात पाठवायची सरकारी योजना 15 नोव्हेंबर 2023 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवली. रवांडातून माणसं पुन्हा छळाच्याच देशात परत पाठवली जाण्याचा खरा धोका आहे, हे त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या पुराव्यावरून पटलं. वकिलांनी तो पुरावा मांडला, बस्स. एप्रिल 2024 मध्ये संसदेने कायदाच बदलला, आणि तीनच महिन्यांत नव्या सरकारने योजना गुंडाळली. तोवर त्या योजनेखाली गेले चार जण, तेही स्वखुशीने.

बोटीबद्दल थोडक्यात: घरी बसून ब्रिटनच्या आश्रयासाठी अर्ज करता येईल असा व्हिसाच नाही. युक्रेन किंवा हाँगकाँगसारख्या ठरावीक योजना सोडल्या तर अर्ज करायला आधी इथल्या भूमीवर पाऊल ठेवावं लागतं. बेकायदा प्रवेशासाठी निर्वासिताला शिक्षा करू नये, हे निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम 31 याच अडचणीसाठी आहे. त्याला अटी आहेत, पण ते आहे.

आणि ‘आपण विरुद्ध ते’ ही विभागणीसुद्धा तपासून बघा. फेब्रुवारी 2022 पासून केअर वर्करना हेल्थ अँड केअर व्हिसा मिळू लागला, आणि त्यावर भारतातून हजारो माणसं आली. एजंटला लाखो रुपये देऊन आलेल्या अनेकांना इथे कामच मिळालं नाही, किंवा मिळालं ते अर्ध्या पगारावर. मालकाचं परदेशी कामगार आणायचं लायसन्स रद्द झालं की नवा मालक शोधायला साधारण 60 दिवस. ही माणसं विमानाने, रीतसर व्हिसावर आली होती, आणि त्यांच्यातले काही आज याच सॉलिसिटरांच्या दारात बसलेत.

राहिली ती नावं-पत्त्यांची यादी. सप्टेंबर 2020 मध्ये लंडनच्या एका इमिग्रेशन फर्ममध्ये एक माणूस चाकू घेऊन घुसला होता. ऑगस्ट 2024 च्या स्थलांतरितविरोधी दंगलीत अशीच एक यादी फिरली, आणि कित्येक ऑफिसांनी खिडक्यांना फळ्या ठोकून कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. बाकीच्या मजकुरावर वाद घालत बसू, पण ती यादी ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवली आहे त्यांनी ती आजच काढून टाकावी.