‘सेल्फायटिस’चा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘दिवसातून तीनदा सेल्फी काढणं हा मानसिक आजार, अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनची घोषणा’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात या सवयीला ‘सेल्फायटिस’ असं नाव दिलंय. अशी घोषणा झालेलीच नाही. २०१४ मध्ये एका विडंबन करणाऱ्या संकेतस्थळानं ती रचली होती. मानसोपचारतज्ज्ञांच्या या संघटनेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या ग्रंथात ‘सेल्फायटिस’ हा शब्द नाही, २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही नाही. २०१७ मध्ये संशोधकांनी भारतातल्या ४०० विद्यार्थ्यांचा अभ्यास करून सेल्फीच्या सवयीची मोजपट्टी मांडली, त्यामुळे गोंधळ वाढला. पण मोजपट्टी म्हणजे निदान नव्हे.

सवय सुटत नसेल, झोप-अभ्यास बिघडत असेल, तर समुपदेशकाशी जरूर बोला. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सुरुवात करा. मुलांना मात्र ‘आजारी’ म्हणू नका. तो मेसेज कृपया तुमच्यापाशीच थांबवा.