मांडणी सुचेपर्यंत

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाची मांडणी आणि प्रकाशन समारंभाचे पोस्टर ही दोन्ही कामे दरवर्षी माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यासोबत संपादकांची एक कायमची सूचना येते : अंक अगदी वेगळा दिसला पाहिजे, मात्र जुन्या वर्गणीदारांना तो आपलाच म्हणून लांबून ओळखता आला पाहिजे. यावर मान डोलवायची आणि नमुने शोधायला बसायचे, असा माझा शिरस्ता आहे. काम सुरू झाले आहे असे सांगता येते आणि प्रत्यक्षात एकही पान लावावे लागत नाही, हा या टप्प्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

हा शोध बहुधा लोकलमध्ये चालतो. बोरिवलीहून निघालेल्या गाडीत एक हात कडीला आणि दुसरा मोबाइलला, अशा अवस्थेत मी पिंटरेस्ट उघडतो. तिथे परदेशी मासिकांच्या पानांचा पूर लोटलेला असतो : एका पानावर एकच खुर्ची, तिच्यावर वीतभर कोरी जागा आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत चार ओळी. सगळेच देखणे असल्यामुळे सगळेच जतन केले जाते. थोड्या वेळाने आपली आवड आपल्याला कळली, असा त्या संकेतस्थळाचा समज होतो आणि ते नुसत्या खुर्च्या दाखवू लागते. खुर्च्यांमागून पडदे येतात आणि पडद्यांमागून न्हाणीघराच्या फरशा. (त्या फरशांची मांडणी बऱ्याच दिवाळी अंकांहून नेटकी असते, हे मात्र नमूद केले पाहिजे.) एवढ्यात अंधेरीला चढून माझ्या खांद्यावरून पाहत असलेले गृहस्थ म्हणतात, "दादा, तो मघाचा लाल बरा होता, जरा मागे घ्या." मी मागे घेतो. लाल काही सापडत नाही. तोवर दादर येते आणि गर्दी मला प्रेरणेसकट फलाटावर उतरवते.

घरी येऊन जतन केलेल्या पानांत आमचा मजकूर बसवायला लागले, की खरा छळ सुरू होतो. त्या नमुन्यांमध्ये भरलेला 'लोरेम इप्सम' हा मजकूर म्हणजे रोमन वक्ता सिसरोने इसवीसनपूर्व 45 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाची मोडतोड आहे. तो कुठेही कापला तरी चालतो, कारण सिसरो रात्री फोन करून "माझा शेवटचा परिच्छेद का गाळला?" असे विचारीत नाही. आमचे लेखक विचारतात. शिवाय नमुन्यातील मथळा पाच टपोऱ्या रोमन अक्षरांचा असतो आणि माझ्या हातात 'साठोत्तरी ग्रामीण कथेतील स्त्रीप्रतिमा : एक पुनर्दृष्टिक्षेप' असतो. रोमन अक्षरे ऐसपैस अंतरावर पेरली की मथळा भारदस्त दिसतो. देवनागरीत तोच प्रयोग केला, तर शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि छपाईत काहीतरी बिघडले आहे असे वाचकांना वाटते. अक्षरे एकाखाली एक रचावीत, तर 'स्त्री'चे काय करायचे, हे कोणताही नमुना सांगत नाही. रोमन मजकुरासाठी आखलेल्या दोन ओळींमधल्या अंतरात आमचा मजकूर ओतला, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो आणि रफार मध्ये पडून भांडण वाढवतो. ओळी मोकळ्या कराव्यात, तर लेख दीड पानाने वाढतो.

मग मी पुस्तकांकडे वळतो. स्विस मांडणीकार योझेफ म्यूलर-ब्रोकमान यांनी 1955 साली झुरिचमधील बेथोवेनच्या मैफिलीसाठी केलेले पोस्टर मी संपादकांना दाखवले होते. त्यात वक्राकार पट्ट्या आहेत आणि अक्षरे अगदी थोडी. संपादकांनी ते बराच वेळ पाहिले आणि गायकाचा फोटो कुठे आहे, असे विचारले. 'हार्पर्स बझार' या अमेरिकी फॅशन मासिकाचे कला-दिग्दर्शक अलेक्सी ब्रोडोविच यांनी 1934 ते 1958 या काळात कोऱ्या जागेचा कसा डौलदार उपयोग केला, हेही मी सांगून पाहिले. "ते ठीक आहे," संपादक म्हणाले, "पण इथे एक पानपूरक बसेल." त्यांना दोष देता येत नाही. ज्या शहरात पोटमाळ्यावरही भाडेकरू राहतो, तिथे रिकामी जागा पाहून स्वस्थ बसणे कोणाच्याही स्वभावात नसते. चारोळी आली. चारोळीखाली उरलेल्या बोटभर जागेत एका पतपेढीची शुभेच्छा आली.

आपल्याच परंपरेत शोधावे म्हणून मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वाट धरली. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत हा उद्योग चालू आहे. दीनानाथ दलालांनी 'दीपावली'च्या मुखपृष्ठांवर ज्या स्त्रिया रंगवल्या, त्यांच्या पदराच्या एका वळणावर माझी सगळी मांडणी ओवाळून टाकावी. जुन्या अंकांत अडचण एकच असते : पाहायला बसलेला माणूस वाचू लागतो. समासाची रुंदी मोजण्यासाठी उघडलेल्या पानावर कथेची नायिका नुकतीच घर सोडून निघालेली असते, आणि ती परत येते की नाही हे पाहिल्यावाचून पट्टी हातात धरवत नाही.

पोस्टरची कथा याहून बिकट. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची अक्षरे पाहत आमची पिढी वाढली. नाटक हसवणार की रडवणार, हे नाव पुरते वाचण्याआधी अक्षरांच्या वळणावरून कळत असे. त्या धाडसाने मी अंकाचे नाव हाताने रेखाटले. समितीला ते आवडले आणि खजिनदारांनी मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी तो 'फॉन्ट' मागितला. त्यानंतर ए-3 कागदावर, म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटरच्या जागेत, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस आणि देणगीदार यांची छायाचित्रे बसवण्याचा ठराव एकमताने संमत झाला.

हे कोडे मला कोणत्याही पुस्तकाने सोडवून दिले नाही. ते सुटले चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर, सिग्नलला ताटकळत असताना. वरच्या ओळीत समान वर्तुळांत दिवंगत आणि वंदनीय, मध्ये हात जोडलेली, कमरेपर्यंतची उत्सवमूर्ती, तिच्या खांद्याशी तालुक्याच्या वजनाचे दोघे आणि तळाशी तिकिटाएवढे शुभेच्छुक : कोण कोणापेक्षा किती मोठा, याबद्दल पाहणाऱ्याच्या मनात तिळभर शंका उरत नाही. इतकी कडक ग्रिड, म्हणजे मांडणीची आखीव चौकट, स्वित्झर्लंडमध्येही पाळली जात असेल, असे मला वाटत नाही. मी तीच चौकट जशीच्या तशी उचलली, रंग तेवढे सौम्य केले आणि पोस्टर समितीपुढे ठेवले. पहिल्या नजरेत सर्वांना ते पसंत पडले. दुसऱ्या नजरेत उपाध्यक्षांनी खिशातून पट्टी काढली, स्वतःचे आणि कार्याध्यक्षांचे डोके हनुवटीपासून मोजले, आणि तीन मिलिमीटरचा फरक कोणत्या नियमानुसार ठेवला आहे, याचा लेखी खुलासा मागितला.