नियम आधी कशाला ठरवायचे?
गाडीतल्या खेळांचे नियम घरूनच ठरवून निघा, नाहीतर मुलं भांडतात, हे प्रवासातल्या खेळांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. भांडणातूनच तर नियम निघतात! जळगावहून धुळ्याकडे जाताना आमच्याकडे नंबरप्लेटचा खेळ चालतो. जळगावच्या एमएच १९ आणि धुळ्याच्या १८ ला शून्य, नंदुरबारच्या ३९ ला एक गुण, परराज्याला दोन. धुळ्याला सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा रस्ते भेटतात, तिथे गुजरातच्या जीजे आणि मध्य प्रदेशच्या एमपी मोजता मोजता नुसता कालवा.

मग धाकटीने नियम घुसवला: केळीचा ट्रक आधी दिसेल त्याने दुसऱ्याचे सगळे गुण घ्यायचे. उलट दिशेला, सावदा-रावेरच्या केळीपट्ट्यात गेलो की त्यामुळे कोणीच जिंकत नाही. छापील कोड्यांची वही मात्र नकोच, चालत्या गाडीत खाली बघून वाचलं की मुलांना मळमळतं.